पट्टा आणि सांखळी

आमच्या दीपनगरांत पट्टा म्हटलें कीं लहान मुलासही औष्णिक वीजकेंद्राचा कोळसा वाहणारा पट्टाच आठवतो. तो क्षणभर घसरला तरी कोळशास त्याचें सोयरसुतक नसतें. मोटारीच्या एंजिनांतील पट्ट्यास मात्र एका दांत्याचीही चूक क्षम्य नाहीं. त्याची ओळख मला गेल्या उन्हाळ्यांत भुसावळच्या वाटेवर झाली, आणि ती फार महागांत पडली.

एंजिनांतील दट्टे क्रँकशाफ्टला फिरवितात. झडपा उघडण्याचें काम कॅमशाफ्टकडे असतें. पहिल्याच्या दोन फेऱ्यांस दुसऱ्याचा नेमका एक फेरा, हा हिशेब राखण्यासाठीं दोहोंस सांखळीनें किंवा दांतेरी रबरी पट्ट्यानें जोडतात. कुर्ल्यास तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीस सांखळी होती. १९८३ सालीं आलेल्या मारुती ८०० ला पट्टा. मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या मोटारीस असा पट्टा प्रथम बसविला तो हान्स ग्लास या जर्मन कंपनीनें, १९६२ सालीं.

सांखळी तेलांत न्हालेली असते. सायकलच्या सांखळीप्रमाणें तिचे सांधे झिजले म्हणजे ती लांबते आणि सकाळीं एंजिन सुरू करतांच खडखडते. शेजाऱ्यांच्या मोटारीची ती खडखड ऐकून मी हसत असें. माझी मोटार कशी निःशब्द! पट्टा कोरडाच चालतो. तेल लागल्यास उलट खराब होतो. तो जुना होतो, पण बोलत नाहीं. ठराविक किलोमीटरनंतर तो बदलावा असें पुस्तिकेंत छापलें होतें, मिस्त्रींनींही दोनदां बजावलें होतें. ‘चालते आहे ना!’ म्हणून मीं तें काम पुढें ढकललें.

महामार्गावर एंजिन एकाएकीं थांबलें. मीं पुनः पुनः किल्ली फिरविली; हें दुसरें अज्ञान. मिस्त्रींनीं झांकण काढलें तों पट्टा तुटलेला. कॅमशाफ्ट थांबला, क्रँकशाफ्ट फिरतच राहिला, आणि उघड्या राहिलेल्या झडपांवर दट्टे आदळले. आठांपैकीं पांच झडपा वांकल्या. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठीं बाजूस ठेवलेल्या रकमेंतून तें बिल भागविलें. तिनें कांहींच विचारलें नाहीं.

मग सांखळीच बरी, असें कोणी म्हणेल. मला तें पुरतें मान्य नाहीं. सांखळी एंजिनाच्या आयुष्यभर टिकते हें अर्धेंच खरें. तेल वेळेवर न बदलल्यास तीही लवकर झिजते, आणि तिचा ताण राखणारा टेन्शनर बहुधा तेलाच्याच दाबावर चालतो. शिवाय ती बदलण्याचा खर्च सहसा पट्ट्याहून अधिक.

मिस्त्रींनीं पट्ट्याबरोबर त्याची ताण देणारी कप्पीही नवी घातली आणि झांकणावर पांढऱ्या रंगानें त्या दिवशींचा किलोमीटरचा आंकडा लिहून दिला. बॉनेट उघडलें कीं आतां प्रथम तोच दिसतो.