शिकारी बाप-लेक आणि आमची जागल

अवनी वाघिणीचा विषय निघाला की आपल्या यवतमाळात लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, बरं झालं मारली. दुसरी म्हणते, सरळ खून केला. मला दोघांशीही भांडायचं नाही. मला त्या शिकारी बाप-लेकाबद्दल बोलायचं आहे, आणि थोडं आपल्या वावरातल्या बाप-लेकांबद्दल. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी एक सांगतो. ‘अवनी’ हे नाव आपल्याकडच्या कोणी ठेवलं नव्हतं. वनविभागासाठी ती टी-१, आणि राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यातल्या लोकांसाठी नुसती ‘ते वाघीण’. १३ माणसांचे मृत्यू तिच्या नावावर लावले गेले. आमचं लोहारा तिथून बरंच लांब, यवतमाळला लागून, दारव्हा रोडवर. आम्हाला तिची झळ नव्हती. पण माझी मावशी त्या पट्ट्यातली. २०१८ च्या हंगामात तिच्या गावच्या बाया कापूस वेचायला घोळक्यानं जायच्या आणि ऊन उतरायच्या आत घरी यायच्या. अर्धा कापूस झाडावरच लोंबत राहिला. मुंबईत बसून हळहळणाऱ्यांना हे दिसत नाही, याचा मला आजही राग आहे.

सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं आदेशात हात घालायला नकार दिला. आदेश साधा होता : आधी बेशुद्ध करून पकडायचा प्रयत्न करा, तो साधला नाही तरच गोळी. मग काय काय नाही आणलं! कॅमेरे, ड्रोन, पॅराग्लायडर, शिकारी कुत्रे, हत्ती, वाघिणीला भुलवायला परदेशी अत्तरसुद्धा. त्यातला एक हत्ती सुटला आणि त्यानं एका बाईचा जीव घेतला. तिच्यासाठी कोणी मेणबत्त्या लावलेल्या मला तरी आठवत नाहीत.

शिकारी म्हणून हैदराबादचे नवाब शफात अली खान आले. सोबत मुलगा असगर अली. शिकार त्यांच्या घराण्यात चालत आलेली. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ वाघीण दिसली, तेव्हा जीपमध्ये मुलगा होता, बाप नव्हता. जनावरांचा डॉक्टरही नव्हता. आधी डार्ट मारला, ती अंगावर आली, म्हणून जीव वाचवायला गोळी झाडली, असं असगरचं म्हणणं. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीनं ते मानलं नाही. मुलाला तो अधिकारच नव्हता, आणि डार्टमधलं औषध ५६ तास आधी भरून ठेवलेलं होतं, असं समितीनं लिहिलं. ते औषध २४ तासांच्या आत वापरायचं असतं. दिवाळी चार दिवसांवर होती. तिकडच्या गावांत फटाके फुटले, पेढे वाटले. मी त्यांना नावं ठेवणार नाही.

पण बाप तिथं नव्हता, हे मात्र मला खटकतं.

आमचं वावर चार एकर. तूर आणि चणा. मी आठवीत असताना बाबा मला जागलीला नेऊ लागले. मचाणावर घोंगडी, टिनाचा डबा, गोफण आणि तीन सेलची बॅटरी. डुकरं शिरली की माझा हात पहिले गोफणीकडे जायचा. बाबा मनगट धरायचे. म्हणायचे, “पहिले बत्ती मार. काय आहे ते पाय. मंग हात उचल.” एकदा ज्याला आम्ही रोही समजलो, तो शेजारचा माणूस निघाला, आपल्या सुटलेल्या गोऱ्ह्यामागं आलेला. बाबांनी मनगट धरलं नसतं तर गोटा त्याच्या कपाळात बसला असता. नेम तर कुठलंही पोट्टं शिकतं. मनगट धरणारं माणूस बाजूला लागतं. सरकारनं शिकारी बोलावला, पण आदेशात लिहिलेला ‘आधी’ हा शब्द पाळून घेणारं त्या जीपमध्ये कोण होतं?

आता माझा पोरगा दहावीत आहे. तो विचारतो, “बाबा, डुकराले मारायची परवानगी भेटते म्हणते, मंग आपण काहून नाही मारत?” भेटते. पिकाचं नुकसान करणारं रानडुक्कर आणि रोही मारायची परवानगी २०१५ च्या शासन निर्णयानं मागता येते. पण परवाना असलेली बंदूक कोणाकडे आहे? अर्ज करा, पंचनामा करा, शिकारी शोधा, तोवर चणा साफ. म्हणून लोक रात्री तारेत करंट सोडतात. त्या तारेला डुक्कर लागतं, वाघ लागतो, कधी पहाटे पाणी द्यायला गेलेला घरचाच माणूस लागतो. तिथं तर मनगट धरायलाही कोणी नसतं, बटन दाबून सगळे घरी झोपलेले.

त्या वाघिणीचे दोन बछडे मागं राहिले होते. त्यातली मादी डिसेंबर २०१८ मध्ये पकडून पेंचला नेली. दोन वर्षांवर तिला कुंपणात वाढवलं, मार्च २०२१ मध्ये जंगलात सोडलं, आणि काही दिवसांतच ती मेली. शिकार शिकवायला तिची मायच नव्हती. ही बातमी आपल्याकडे किती जणांनी वाचली?

यंदा पोराची बोर्डाची परीक्षा आहे, त्याला जागलीला नेणार नाही. मी एकटा किती रात्री काढणार? म्हणून सोलरच्या झटका मशीनचा विचार चालू आहे. आपल्या भागात ज्यांनी लावली त्यांनी खाली लिहा : एकरी खर्च किती आला, अनुदान खरंच हातात पडलं का, आणि रोही त्या तारेवरून उडी मारते की थांबते.