मामांचा संगणक

माझे मामा धुळ्याला देवपुरात राहतात. सरकारी कचेरीत लिपिक होते; सगळी नोकरी मराठी टंकयंत्रावर गेली. निवृत्तीनंतर त्यांना शेताचा सातबारा घरी बसून बघायचा होता, पुण्याच्या नातीशी मोठ्या पडद्यावर बोलायचं होतं आणि आजीच्या अहिराणी ओव्या टाइप करून ठेवायच्या होत्या. भाचा जळगावात, म्हणून खरेदी माझ्या गळ्यात.

त्यांना सोबत घेऊनच गोलाणी मार्केट गाठलं. दुकानातला पोरगा ग्राफिक्स कार्ड आणि रंगीत दिव्यांचा कळफलक दाखवू लागला. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हाई बठ्ठं मन्हा काय कामनं?"

लॅपटॉप लगेच बाद झाला. अक्षर बारीक, आणि टचपॅडवर त्यांचं बोट भलतीकडेच जायचं. मग डेस्कटॉप, बावीस इंची पडदा आणि यूपीएस. वीज गेल्यावर काम जतन करून संगणक नीट बंद करण्याइतकी उसंत मिळाली की झालं.

वापरलेले संच स्वस्तात मिळत होते. "आय-फाइव्ह आहे, साहेब," एवढंच दुकानदार सांगतो. पण आय-फाइव्ह चौथ्या पिढीचाही असतो आणि आठव्या पिढीचाही. विंडोज १० चं नेहमीचं पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी तरी लागते. म्हणून पिढी विचारूनच घेतला. आठ जीबी रॅम, आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी. संगणक सुरू व्हायला वेळ लागला की मामा बटण पुन्हा दाबतात, हे मला ठाऊक होतं.

खरी गोम कळफलकात निघाली. विंडोजमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट होतं, पण मामांची बोटं रेमिंग्टनच्या मांडणीवर घडलेली. चार ओळी टाइप करताना ते घामाघूम झाले. रेमिंग्टन मांडणीचा युनिकोड कळफलक टाकून दिला, तशी खाली न बघता बोटं धावू लागली. युनिकोड अशासाठी, की जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की बऱ्याचदा अक्षरांचा चिवडा होतो.

डबल क्लिक काही केल्या जमेना. दोन टिचक्यांच्या मधे माउस हलायचा. डबल क्लिकचा वेग सेटिंगमध्ये कमी केला आणि एक टिचकी मारून एंटर दाबायचं शिकवलं. ते त्यांना जास्त पटलं. पडद्यावर चारच चिन्हं ठेवली, बाकी सगळी हटवली.

बँकेचं काम मात्र या संगणकावर ठेवलेलं नाही. ओटीपी विचारणाऱ्या फोनांचा सुळसुळाट बघता पासबुक भरायला मामा बँकेतच जातात, आणि तेच बरं आहे.