पाच सेंटिमीटर पाणी

पेठ-सुरगाण्याहून १०८ रुग्णवाहिकेने आलेल्या बाळाची आजी हमखास विचारते, "सिस्टर, मोठ्या मशीनवर ठेवलंय ना?" मोठं मशीन म्हणजे मोठा उपचार, हा समज नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या बंगल्यांतही तितकाच पक्का आहे. मी दाखवते ती पाण्याची बाटली. बाळाच्या नाकाशी जोडलेल्या नळीचं दुसरं टोक तिच्यात ५ सेंटिमीटर बुडवलेलं, आणि बुडबुडे चाललेले. आजीचा चेहरा पडतो.

२८ आठवड्यांच्या बाळाच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट पुरेसं नसतं. श्वास सोडला की वायुकोश मिटतात आणि भाजीवाल्याच्या पातळ पिशवीसारखे आतून चिकटतात. ५ सेंटिमीटर पाण्याचा दाब त्यांना पुरतं मिटू देत नाही. एवढंच. श्वास बाळ स्वतःच घेतं. डॉ. ग्रेगरी यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ही रीत, म्हणजे सीपॅप, मांडली १९७१ साली. त्याआधी, १९६३ मध्ये, खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचं बाळ फुप्फुसांच्या याच आजाराने दोन दिवसांत गेलं होतं.

सीपॅप लावणं सोपं, सांभाळणं अवघड. नाकात बसणारा प्राँग लहान पडला तर हवा गळते, मोठा झाला तर नाकपुडीची कड पांढरी पडते. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला तो टेकता कामा नये. टेकला की आधी लाली, मग जखम. नळ्या धरून ठेवणारी टोपी सैल झाली की सगळंच घसरतं. बुडबुडे थांबले की मी आधी बाळाचं तोंड बघते. ते उघडं असेल तर दाब तिथूनच पळतो. हनुवटीखाली मऊ पट्टी लावायची. निफाडला दव गोठतं त्या थंडीत ह्युमिडिफायरवर डोळा ठेवावाच लागतो, नाहीतर शेंबूड वाळून नाक चोंदतं.

ऑक्सिजन देताना रक्तातलं सॅच्युरेशन ९० ते ९५ टक्के पुरे. १०० बघून खूश होणाऱ्या नव्या मुलींना मी रागावते. जादा ऑक्सिजन बाळाच्या डोळ्यांच्या पडद्यावर उठतो.

सगळ्यांना एवढ्यावर भागत नाही. कण्हणं थांबेना, छातीत खड्डे पडतच राहिले, श्वास मध्येच थांबू लागला, तर व्हेंटिलेटर लागतो. तिथे हट्ट नको.

घरच्यांना मात्र एक सांगणं आहे. ३४ आठवड्यांच्या आत कळा आल्या किंवा पाणी गेलं, तर वाट बघू नका. दवाखाना गाठा आणि फुप्फुसं तयार करणाऱ्या डेक्सामेथासोनच्या इंजेक्शनबद्दल विचारा. १२-१२ तासांनी चार डोस असतात. मोठ्या दवाखान्यात पाठवत असतील, तर निघण्याआधी निदान पहिला द्यायला सांगा.