आतलं तेवढं काढ

संगणक बंद पडला की आपल्याकडे दोनच निदानं होतात. एक, 'व्हायरस आला'. दोन, 'मदरबोर्ड गेला'. मधलं काही नसतंच!

लातूरला अण्णांच्या लॅपटॉपचं दुसरं निदान झालं होतं. आधी दुपारी दहा-पंधरा मिनिटं चालून तो आपोआप बंद व्हायचा. मग निळा पडदा यायला लागला. शेवटी एक दिवस बटण दाबलं तर दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाठिक्कर. दुकानदार म्हणाला, नवीनच घ्या. अण्णांचा नांदेडला मला फोन : "ते डबडं गेलं तर जाऊ दे रे. आतलं तेवढं काढ."

'आतलं' म्हणजे त्यांच्या आठवणी. अण्णा निवृत्त शिक्षक, वय ८६. दोन वर्षं एका बोटाने टाईप करत होते. रझाकारांच्या भीतीने गाव सोडून रानात काढलेल्या रात्री, १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं तेव्हाचं गाव, शाळेतली नोकरी, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप. त्या काळातलं सांगणारं आमच्या घरात आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

रविवारी सकाळची एसटी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर. पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, पेनड्राइव्ह आणि शाळेतला खोडरबर.

लॅपटॉपची तपासणी पायरीपायरीने करावी. दिवा आणि पंखा चालू म्हणजे वीज आत पोचतेय, चार्जरवर संशय नको. चार्जर आणि बॅटरी काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. फरक नाही. मग रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसले आणि एकेक लावून पाहिली. पहिली लावली, पडदा काळाच. दुसरी लावली आणि उजेड! म्हणजे मदरबोर्ड ठणठणीत होता, रॅमची एक पट्टी मेली होती.

पण विंडोज काही सुरू होईना. दुरुस्ती करतो म्हणायचं आणि पुन्हा तिथेच यायचं. सारखा धाडकन बंद पडल्यावर फायली बिघडतातच. २०२४ चा १९ जुलै आठवतोय ना? क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक असेच अडकले होते. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय साधा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल उडवायची. पण तो यंत्रागणिक माणसाने जाऊन करायचा होता.

इथे एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा मंडळी. आधी माहिती बाहेर काढा, मग दुरुस्ती. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं. त्याला विंडोजची गरज नसते. डिस्क उघडली, 'आठवणी' नावाचं फोल्डर दिसलं. अण्णा मागे खुर्ची घेऊन बसले होते, एक शब्द बोलत नव्हते. कॉपी पूर्ण झाल्यावर फक्त म्हणाले, "चहा टाकायला सांगतो."

चहानंतर डिस्क तपासून विंडोज दुरुस्त केलं, तेही सुरू झालं. राहिला आपोआप बंद होण्याचा प्रश्न. पंखा उघडला तर जाळीवर धुळीचा नमदाच जमलेला! बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेले असतात, आणि आपल्या मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. आतला प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की जळू नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होतं. धूळ काढली, वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट बदलली. अण्णांना सांगितलं, गादीवर ठेवून वापरायचा नाही, खालून हवा लागते.

संध्याकाळी चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून बत्तीस पानांच्या दोन प्रती काढून आणल्या. एक लातूरला, एक नांदेडला. पेनड्राइव्ह वेगळाच.

मी निघालो तेव्हा अण्णा लाल पेन घेऊन स्वतःच्याच प्रतीतले ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसले होते. भूकंपाचं प्रकरण अजून अर्धंच आहे म्हणाले.