माळावरची उघडी वही

12 फेब्रुवारी 2025, सोलापूर

परवापासून कॉलेजच्या कॅम्पसमधली पक्षीगणना. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना आज ईबर्ड हे पक्षीनोंदींचं अ‍ॅप शिकवलं. अ‍ॅप उतरवून घेणं, खातं काढणं यातच बराच वेळ गेला. अर्ध्यांचा नेटपॅक संपलेला. पण खरी चर्चा झाली ती एका प्रश्नावर. यादी पाठवताना अ‍ॅप विचारतं, ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही नोंदवलेत का? एक मुलगा म्हणाला, "मॅडम, कावळे-साळुंक्या कशाला लिहायच्या? त्या तर रोजच्याच."

मी फळ्यावर फक्त 'चिमणी' एवढंच लिहिलं. रोजचीच म्हणून जिच्याकडे कुणी पाहिलं नाही, ती आपल्या गल्लीत पूर्वी किती होती हे आज सांगणार कोण? शहराच्या पूर्वभागातली एक मुलगी म्हणाली, यंत्रमागाच्या शेडमध्ये घरटी असायची असं तिची आजी सांगते. आजीची आठवण खरी आहे, पण तिच्यावरून आलेख काढता येत नाही. सगळे पक्षी लिहिलेली यादी असली की तिच्यात जे नाव नाही, तीही माहिती होते: या 15 मिनिटांत, या लिंबाखाली, चिमणी दिसली नाही.

2023 चा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल अशाच याद्यांवर उभा आहे. सुमारे 30,000 निरीक्षक, तीन कोटींवर नोंदी, 942 प्रजाती. ज्या 338 प्रजातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांतल्या 60 टक्के घटल्या आहेत. एखाद्या संस्थेने पगारी माणसं नेमली असती तरी हे काम कधी झालं असतं असं मला वाटत नाही.

14 फेब्रुवारी

सकाळी साडेसहा. चार गट, चार कोपरे. टिटवी, वेडा राघू, कोतवाल, खाटीक, गप्पीदास. मग सात वाजता पलीकडच्या ज्वारीवरून भोरड्यांचा थवा उठला आणि सगळ्यांच्या पेन्सिली थांबल्या. कोणी म्हणे दोनशे, कोणी दोन हजार.

एकीने फोटो काढला होता. तो ग्रुपवर टाकायला सांगितलं आणि नियम घातला: प्रत्येकाने एकट्याने मोजायचं, आपला आकडा गूगल शीटमध्ये टाकायचा, दुसऱ्याचा रकाना आधी उघडायचा नाही. दहा पक्षी मोजून तेवढ्या जागेभोवती चौकट काढायची, मग तशा किती चौकटी बसतात ते पाहायचं. थव्याच्या मधोमध पक्षी दाट, कडेला विरळ. म्हणून चौकट एकच धरून चालत नाही, हे त्यांना दुसऱ्या फेरीत आपोआप कळलं. पहिल्या फेरीतले आकडे वाटेल तसे होते, दुसऱ्या फेरीत बरेच जवळ आले. दोन्ही रकाने तसेच ठेवायला सांगितले. पहिला अंदाज पुसायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण माणसाचा डोळा थवा पाहून किती फसतो हे त्या पहिल्याच रकान्यात आहे. पुढच्या वर्षीच्या मुलांना मी तोच दाखवणार आहे.

15 फेब्रुवारी

नान्नजचं माळढोक अभयारण्य. बार्शी रस्त्याला लागलं की शहर पटकन मागे पडतं. काळविटांचे कळप भरपूर. माळढोक नाही, आणि दिसेल अशी आशा आता कुणी मनात धरत नाही. 1979 मध्ये अभयारण्य झालं तेव्हा त्याचं क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं. पुढे ते बाराशेच्या घरात आणलं. मुलं विचारत होती, मग पक्षी गेला कशाने? पाण्याची सोय झाली, उसाचं आणि फळबागांचं क्षेत्र वाढलं, गवताळ माळ तुकड्यातुकड्यांनी गेला, विजेच्या तारा आल्या. आपल्याकडे माळाला पडीक म्हणायची सवय आहे. त्या सवयीने या पक्ष्याचं फार वाईट केलं.

परतताना गवताच्या टोकांवरून एक भोवत्या गेला. तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. एका मुलीने लगेच लिहिलं: पांढुरका भोवत्या, मादी.

17 फेब्रुवारी

ईबर्डवरच्या नोंदी तपासणाऱ्या स्वयंसेवकाचा भोवत्या लिहिणाऱ्या मुलीला निरोप आला: "फोटो आहे का? गळपट्टी दिसली का?" ती घाबरून माझ्याकडे आली. तिला वाटलं, काहीतरी चुकलं आणि आता खातं बंद होणार.

आम्ही दोघी फोटो मोठा करून बसलो. पांढुरक्या भोवत्याच्या मादीला कानामागच्या गडद डागाला लागून फिकट गळपट्टी असते. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या माँटेग्यूच्या भोवत्याच्या मादीला ती नसते, डोळ्याभोवती पांढरं मात्र जास्त असतं. आमच्या फोटोत पक्षी पाठमोरा, मान गवतात. काही सांगता येईना. ईबर्डवर यासाठी सोय आहे: 'पांढुरका किंवा माँटेग्यूचा भोवत्या' अशी जोडनोंद करता येते. तिने तसं बदललं. उत्तरादाखल त्या गृहस्थांनी दोन्ही माद्यांच्या पंखांच्या खालच्या बाजूतला फरक चार ओळींत लिहून पाठवला. कुठले, कोण, काही माहीत नाही. आमच्या मुलीला शिकवायला त्यांनी आपली संध्याकाळ दिली.

आमच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत 'नक्की माहीत नाही' या उत्तराला गुण नाहीत. ते द्यायला हवेत, यावर मी आता अभ्यास मंडळात आग्रह धरणार आहे. इथे एवढी मोठी वैज्ञानिक नोंदवही तेच उत्तर मानाने घेते आणि आम्ही मुलांना ठोकून द्यायला शिकवतो.

18 फेब्रुवारी

स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सर म्हणाले, "सगळं असं उघड्यावर टाकलंत तर उद्या दुसराच कोणी पेपर छापेल." त्यांची काळजी खोटी नाही. नोकरी, बढती, सगळं पेपरांवर ठरतं.

मी त्यांना पॉलिमॅथची हकिकत सांगितली. 27 जानेवारी 2009 ला केंब्रिजचे गणितज्ञ टिमथी गॉवर्स यांनी आपल्या ब्लॉगवर विचारलं, पुष्कळ माणसांनी मिळून गणित सोडवता येईल का? हेल्स–ज्युएट प्रमेयाच्या घनतेविषयीच्या रूपाची नवी सिद्धता त्यांना हवी होती. अट एकच महत्त्वाची: कोपऱ्यात बसून पूर्ण करून आणू नका, सुचलेलं अर्धवटच लिहा. टेरेन्स टाओंसारखे दिग्गज आले, तसा अ‍ॅरिझोनातला एक शाळाशिक्षकही आला. मार्चमध्ये गॉवर्स यांनी काम बहुधा साधल्याचं जाहीर केलं. शोधनिबंध डी. एच. जे. पॉलिमॅथ या सामाईक नावाने निघाला. कोणाचं काय सुचणं होतं ते तारीख-वेळेसह ब्लॉगवर आजही वाचता येतं. चोरायचं म्हटलं तर सगळ्यांदेखतच चोरावं लागेल.

आपल्याकडेही सीएसआयआरने 2008 मध्ये क्षयरोगावरच्या औषधांसाठी खुला प्रकल्प काढला. देशभरचे विद्यार्थी क्षयाच्या जिवाणूच्या जनुकांविषयी विखुरलेली माहिती वाचून एकत्र लावत होते.

सर म्हणाले, "आणि माळढोकाचं घरटं सापडलं तर?" इथे मात्र मी त्यांच्या बाजूची. घरटं, विणीची जागा, शिकारीची भीती असलेला प्राणी: ठिकाण वनखात्याला सांगायचं, बाहेर नाही. उघडेपणाने जिवावर बेतणार असेल तर तो नको.

20 फेब्रुवारी

माढ्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेच्या बाईंचा फोन आला होता. तुमची मुलं तलावावर जातील तेव्हा आमच्या चौथीला व्हिडिओ कॉलवर घ्याल का? माढा म्हटलं की परितेवाडीची आठवण होतेच. तिथल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 3 डिसेंबर 2020 ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि दहा लाख डॉलरांतला अर्धा वाटा त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांना देऊन टाकला. लोक त्यांनी वर्गातल्या पुस्तकांना लावलेल्या क्यूआर कोडबद्दल बोलतात. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ते कोड आले. मला मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. त्यांनी परदेशातल्या मुलांशी आपल्या मुलांची व्हिडिओ कॉलवर गाठ घालून दिली. क्यूआर कोडमागे चांगला धडा असेल तर उपयोग. पलीकडे प्रश्न विचारणारं माणूस असेल तर शिकणं दुतर्फा होतं.

आज होटगी तलावावरून तसंच झालं. रेंज येत-जात होती. आमच्या मुलाने शेकाट्या दाखवला, लांब गुलाबी पाय. पलीकडून आवाज आला, "तो थंडी संपल्यावर जातो का इथेच राहतो?" आमचा मुलगा गप्प. चौथीतली पोरगी म्हणाली, "आमच्या ओढ्याला उन्हाळ्यात पण असतोय की." बाईंना लगेच म्हटलं, ओढ्यावरच्या याद्या तुमच्या वर्गाने सुरू करा, एप्रिल-मे मध्येही. आमचं कॉलेज तेव्हा सुट्टीत असतं. त्या दोन महिन्यांचं आमच्याकडे काहीच नाही.

22 फेब्रुवारी

मारुती चितमपल्ली यांना गेल्या महिन्यात पद्मश्री जाहीर झाली. ते आपल्या सोलापूरचे, हे आमच्या वर्गातल्या अनेकांना माहीत नव्हतं. ग्रंथालयातून त्यांचा 'पक्षीकोश' आणून टेबलावर ठेवला. संध्याकाळी पाहिलं तर दोघी-तिघी शीटमध्ये नवा रकाना करून बसल्या होत्या: 'घरी काय म्हणतात'. तेलुगू, कन्नड, दखनी, सगळं येतंय त्यात.

25 फेब्रुवारी

आमच्या पक्षीनोंदींवरच्या टिपणाचा मसुदा सगळ्यांसाठी उघडा ठेवला. दोन तासांत कडेला शेरेच शेरे. बहुतेक शुद्धलेखनाचे, पण एक फार मोलाचा: चारही गट सकाळीच गेले, संध्याकाळच्या याद्याच नाहीत, मग तलावांची तुलना कशी करायची? बरोबर आहे. तो परिच्छेद काढला.

नावांचा प्रश्न निघाला. कोणी पहाटे उठून मोजलं, कोणी शीट सांभाळली, कोणी फोटो तपासले. हे प्रत्येकाच्या नावापुढे लिहायचं ठरलं. चौथीच्या वर्गाचं काय? त्यांच्या बाईंना विचारून शाळेचं नाव घालू. मुलांची नावं इंटरनेटवर नकोत.

मार्चपासून दर शनिवारी संध्याकाळी हिप्परगा आणि होटगी तलाव. पहिल्या शनिवारी भोवत्यावाली मुलगी गट नेणार आहे. तिला विभागातला कॅमेरा द्यायचा आहे. मेमरी कार्ड रिकामं करून ठेवणं.