कुठवर चालायचंय?

मणक्याच्या ऑपरेशनाची आपल्याकडे वेगळीच धास्ती आहे. हृदयाच्या बायपासला माणसं हल्ली निमूट तयार होतात. मणका म्हटला, की ‘एकदा हात लावला की माणूस अंथरूण धरतो’ असं कुणीतरी बजावतंच.

आईच्या वेळीही ते झालं. तिचं दुखणं चमत्कारिक होतं. बसली की काही नाही. मंडईच्या वाटेवर मात्र पाय भरून यायचे, मुंग्या यायच्या. दुकानाच्या पायरीवर टेकली की पुन्हा ठीक. मॉलमधल्या ट्रॉलीवर रेलून ती आमच्याही पुढे जायची. वयाबरोबर मणक्यांमधल्या चकत्या सुकून बसक्या होतात, मागचे सांधे वाढतात, अस्थिबंध जाड होतात आणि नसांची वाट अरुंद होते. पुढे वाकलं की ती थोडी मोकळी होते, ताठ उभं राहिलं की आवळते. ट्रॉलीचं कोडं एवढंच.

एमआरआयच्या रिपोर्टनं घर हादरतं. पण 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, काहीही न दुखणाऱ्या ऐंशी वर्षांच्या माणसांपैकी 96 टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. विशीतही हे प्रमाण 37 टक्के होतं. केसांसारखा मणकाही पिकतो. नुसत्या फिल्मवरून कुणाला टेबलावर घेऊ नये, ते यासाठीच.

पूर्वी पाठीचे स्नायू हाडापासून सोडवून नसेपर्यंत पोचावं लागे. 1997 मध्ये फोली आणि स्मिथ या अमेरिकी शल्यविशारदांनी स्नायूंचे तंतू हळूहळू फाकवून, बारीक नळीतून दुर्बिणीच्या मदतीनं काम करण्याची पद्धत मांडली. छेद जेमतेम दोन सेंटिमीटरचा. रक्त कमी जातं, बरेच रुग्ण दुसऱ्या दिवशी चालू लागतात. म्हातारपणी हे फार मोलाचं, कारण पडून राहिलं की स्नायू झपाट्यानं झडतात.

तरीही जाहिरातींतल्या ‘छोट्या छेदा’वर भाळू नये. आतली नस तितकीच नाजूक असते. तिचं आवरण फाटण्याचा, जंतुसंसर्गाचा धोका उरतोच. दोन-चार वर्षांनी पाहिलं तर उघड्या आणि नळीच्या शस्त्रक्रियेत फारसा फरक राहत नाही. मणके जोडणाऱ्या स्क्रूंचंही तसंच: 2016 मधल्या स्वीडनच्या अभ्यासात, नसा मोकळ्या करण्याला मणके जोडण्याची भर घालून जास्तीचा फायदा दिसला नाही. मणका अस्थिर असेल तर गोष्ट वेगळी.

व्यायाम, औषधं, इंजेक्शन सगळं करून झाल्यावर सर्जननी आईला विचारलं, “काकू, तुम्हाला कुठवर चालायचंय?” ती म्हणाली, “मंडईपर्यंत. आणि येताना पिशवी माझ्याच हातात हवी.” इतके दिवस आम्ही खर्च, वय, धोका यांवर खल केला होता, हे कुणी विचारलंच नव्हतं. तिनं ऑपरेशन करून घेतलं. पाय सुटले. कंबर सकाळी अजून कुरकुरते; पायाइतका आराम कंबरेला मिळेलच असं नाही, हे सर्जननी आधीच सांगितलं होतं.

लघवी अडली, जांघांमध्ये बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडलं, तर क्षणभरही थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. एरवी घाई नसते. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. आणि त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्याला कुठवर चालायचंय ते.