सुरवंटाचे चिलखत

उतारवयात माणसाने कोणता छंद लावून घ्यावा, याविषयी आमच्या आळीत एकमत नाही. कोणी नामस्मरण सुचवितात, कोणी पहाटेचा फेरफटका. मी मात्र प्लास्टिकचे सुटे भाग जोडून छोटी यंत्रे तयार करीत बसतो. सालेकसा हे मुंबई-हावडा लोहमार्गावरचे आमचे गाव. भोवती धानाच्या बांध्या, पलीकडे दरेकसाचे डोंगर. अशा गावी टपालाने खोके आले की घरात प्रथम हशा पिकतो, आणि लगेच ‘आता हे ठेवायचे कुठे?’ हा सनातन प्रश्न उभा राहतो.

यंदाच्या पावसाळ्यात मी जे खोके उघडले, त्यात एक चिलखती बुलडोझर होता. मूळ यंत्र अमेरिकेतील कॅटरपिलर कंपनीचे, ‘डी-९-आर’ या नावाचे; चिलखत चढविले ते इस्रायली सैन्यासाठी; आणि प्रतिकृती काढली चीनमधील मेंग कंपनीने. प्रमाण एकास पस्तीस. हा पस्तीसचा आकडा कोणत्याही शास्त्रातून निघालेला नाही. १९६१ साली जपानच्या तामिया कंपनीने पँथर रणगाड्याची प्रतिकृती काढली, तेव्हा आत मोटार आणि दोन बॅटऱ्या मावतील एवढा तिचा आकार धरला. मागाहून हिशेब केला तो पस्तिसावा हिस्सा भरला. बॅटरीच्या सोयीने ठरलेले माप पुढे जगातील साऱ्या सैन्यांना लागू झाले! त्या मापाने, साठ टनांच्या आसपास भरणारे हे धूड माझ्या मेजावर वीतभर जागेत सुखाने उभे राहते.

पट्ट्यांच्या बारीक कड्या कापून, घासून, जोडता जोडता माझे दोन रविवार गेले. पण हे काम कंटाळवाणे खचित नव्हे. कॅटरपिलर म्हणजे सुरवंट. कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन गावाजवळची जमीन इतकी भुसभुशीत, की वाफेच्या अवजड ट्रॅक्टरांची चाके तीत रुतून बसत. म्हणून बेंजामिन होल्ट याने १९०४ साली चाके काढून त्या जागी फिरते पट्टे बसविले. ते यंत्र चालताना पाहून कोणाला सुरवंट आठवला आणि तेच नाव पडले. चिखलणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात बैलांचे हाल पाहिलेल्या आम्हा धानवाल्यांना होल्टची अडचण वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शेतकऱ्याच्या गरजेतून निघालेली ही युक्ती दहा-बारा वर्षांतच युद्धावर गेली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांना रणगाड्याची कल्पना सुचली, तिच्यामागे हेच ट्रॅक्टर होते.

इस्रायली सैनिक या यंत्राला लाडाने ‘दुबी’ म्हणतात. म्हणजे अस्वलाचे बाहुले. आमच्याकडे मोहफुले वेचण्यास पहाटे रानात जाणाऱ्या बायांना अस्वलाविषयी विचारले, तर इतका लाड त्यांच्या तोंडून निघणार नाही.

चालकाच्या खोलीच्या काचा चिमट्याने बसवीत असता माझे हात थोडे थबकले. भोवती जाड पोलाद, त्यात लहानशा खिडक्या. समोरचे पाते मूळ यंत्रात सुमारे सहा फूट उंच. सहज गंमत म्हणून मी काडेपेटीतील एक काडी पात्यापुढे उभी केली. एकास पस्तीसच्या जगात काडी म्हणजे पाच फुटांचे माणूस. मग मागून, खिडकीच्या रेषेत डोळा नेऊन पाहिले. काडी दिसेना.

गंमत तेथेच संपली. १६ मार्च २००३ रोजी गाझा पट्टीतील रफा येथे, पॅलेस्टिनी घरे पाडली जाऊ नयेत म्हणून आडवी उभी राहिलेली रेचेल कॉरी ही तेवीस वर्षांची अमेरिकन तरुणी अशाच यंत्रापुढे मृत्यू पावली. चालकाला ती दिसलीच नाही, असे सैन्याने सांगितले. तिच्या सोबत्यांनी ते मानले नाही. माझ्या काडीने या वादाचा निवाडा होत नाही, हे मी जाणतो. परंतु एक गोष्ट मला हातांनी कळली. चिलखत आतल्या माणसाला जितके सुरक्षित करते, तितकेच बाहेरचे माणूस त्याच्या दृष्टीआड करते. आणि न दिसण्याची ही सोय एकदा अंगवळणी पडली, की दिसण्याची गरज कोणाला वाटेल?

माती हलविणे हे काही पापकर्म नव्हे. आमच्या जिल्ह्यातील नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोहळी लोकांनी बांधला, असे परंपरेने सांगतात. आजही येथे उन्हाळ्यात यंत्राने बोडी खोल केली, की बांधावर अर्धा गाव गोळा होतो, आणि चालकाला चहा मिळतो. तो चालक उघड्या दाराने बसलेला असतो. पोरे फार जवळ आली तर ओरडतो, कारण ती त्याला दिसतात.

प्रतिकृतीचे शेवटचे काम म्हणजे तिला मळविणे. पात्यावर ओरखडे काढावे, पट्ट्यांत धूळ भरावी. म्हणजे ती खरी दिसते. जाणकार म्हणतात, यंत्र कोठे राबले हे आधी ठरवावे आणि मग धूळ निवडावी. माझा हात येथेच अडला. रफाच्या भिंतींची धूळ लावण्यास मन धजत नाही, आणि बोडीकाठची माती वस्त्रगाळ करून लावली तर ते खोटे ठरेल. या यंत्राने आमची बोडी कधी खणली नाही. शेवटी रंग देऊन तसेच कपाटात ठेवले आहे. पाहुणे म्हणतात, ‘‘सगळे छान जमले, पण अजून कोरेच दिसते.’’

मी म्हणतो, ‘‘असू द्या.’’